तोतया फर्मा

“नाईलच्या दोन्ही काठांवर मिळून अचूक डोळा एकच आहे, आणि तो माझ्याकडे आहे,” असं फिक्री अफंदी स्वतःबद्दल सांगत असे. एक हा आकडा बरोबर होता. दुसऱ्या डोळ्यात मोतीबिंदू होता.

आपण तरुणपणी पोलिसांत गेलो असतो तर अलेक्झांड्रियापासून अस्वानपर्यंत एकेका तुरुंगावर नवा मजला चढवावा लागला असता, असं त्याचं मत होतं. चालण्यावरून चोर ओळखतो, खोकल्यावरून खोटं ओळखतो, आणि माणूस गप्प बसला तर मग बघायलाच नको, असं तो म्हणे. सव्वीस वर्षं तो सरकारी तपासनीस होता आणि त्यावरून लोक त्याला अफंदी, म्हणजे साहेब, म्हणत, हे मात्र खरं. काय तपासत होता ते तो पुढच्या वाक्यात सांगणार असे, आणि ते पुढचं वाक्य नेहमी राहून जाई. तो वाण्यांची वजनमापं तपासत असे. सव्वीस वर्षांत त्याने एक मोठा गुन्हा पकडला होता. एका वाण्याच्या तराजूचं एक पारडं सारखं खाली जात होतं. फिक्रीने तीन आठवडे पाळत ठेवून वाण्याला चावडीवर नेलं. त्या पारड्यात मांजर झोपतं, हे वाण्याच्या बायकोने येऊन सांगितलं. फिक्रीच्या गोष्टीत मांजर येत नसे.

उस्ता शिहाताला ही गोष्ट मांजरासकट माहीत होती, कारण फिक्री त्याचा मेहुणा होता. शिहाता रशीद शहरात नदीकाठी होड्या बांधणारा उस्ता, म्हणजे मुरलेला कारागीर होता. हिवाळ्याच्या तोंडाला त्याची बायको बहिय्या वारली. जाण्यापूर्वी ती म्हणाली होती, “माझ्या भावाला जेवायला बोलवत जा. आणि त्याचं ऐकत जाऊ नका.” शिहाता पहिली गोष्ट नेमाने पाळत होता. दुसरीला कष्ट पडत नव्हते.

पण मार्च महिन्यात त्याला फिक्रीचं ऐकावं लागलं.

त्याचं असं झालं. दसूकी नाखवा आपली नवी होडी बघायला आला. होडी म्हणजे अजून नुसता सांगाडा होता. खाली कणा आणि त्यावर दोन्ही बाजूंच्या तुतीच्या फासळ्या, पुढच्या टोकाकडच्या तेवढ्या लावायच्या राहिलेल्या. दसूकी समोर उभा राहिला. मान डावीकडे कलती केली, मग उजवीकडे केली. मग म्हणाला, “उस्ता, हिच्या एका गालात खजूर आहे का?”

“म्हणजे?”

“म्हणजे हा गाल फुगलाय आणि हा बसलाय. मी होडी सांगितली होती. दाढ दुखणारी बाई नव्हे.”

शिहाता समोर जाऊन उभा राहिला. दसूकी खरं बोलत होता. उजवं पोट भरलेलं होतं आणि डावं दोन बोटं सपाट. चाळीस वर्षांत त्याच्या हातून असं झालं नव्हतं. त्याच्या बापाच्या आणि आजोबांच्या हातूनही नाही. या घराण्याच्या होड्या समुद्रावर लांबून ओळखू येत. रंग दिसण्याआधी पोटाचा वाक दिसे आणि लोक म्हणत, ही शिहाताकडची.

“फर्मा आण,” दसूकी म्हणाला.

फर्मा म्हणजे त्या घराण्याची सगळी विद्या होती. कागद नाही, आकडे नाहीत. आजोबांनी तुतीची एक पातळ लांब पट्टी वाफेवर वाकवली होती, धनुष्यासारखी, पुरुषभर उंचीची, आणि तिच्यावर पटाशीने खाचा पाडल्या होत्या. या खाचेपासून त्या खाचेपर्यंतचा वाक मधल्या फासळ्यांना, पुढचा पुढच्यांना. फर्मा लाकडावर ठेवायचा, खडूने रेघ मारायची आणि वाकसाने, म्हणजे आडव्या पात्याच्या कुऱ्हाडीने, तासायचं. शिहाताने भिंतीला टेकलेला फर्मा उचलला आणि डाव्या फासळीवर लावला. बरोबर बसला. मग उजव्या फासळीवर लावला. मध्ये दोन बोटं फट राहिली.

“म्हणजे तुझा फर्माच बिघडलाय,” दसूकी म्हणाला.

“साठ वर्षांचं लाकूड आहे ते,” शिहाता म्हणाला. “माझ्या आजोबांचं. ते वाकायचं तेवढं वाकून झालं. ते हलत नाही.”

“मग काय हललं? नदी?”

शिहाताने फर्मा हातात घेऊन उलटसुलट पाहिला आणि त्याच्या तोंडून जे निघालं त्याचा पुढे त्याला आठवडाभर पश्चात्ताप झाला. तो म्हणाला, “हा माझा फर्माच नव्हे. कुणीतरी बदललाय.”

दसूकीने त्याला पुढच्या गुरुवारच्या दुपारपर्यंत मुदत दिली. तोवर दोन्ही गाल सारखे होण्याची चिन्हं दिसली नाहीत तर तो सांगाडा ओढून शेजारच्या बय्यूमी उस्ताकडे नेणार होता. बय्यूमी आपल्या फर्म्याने पुढच्या फासळ्या लावणार, आणि मग समुद्रावर लोक म्हणणार, ही बय्यूमीकडची. आणि एकदा दसूकीसारखा नाखवा गेला की मागून बाकीचे जातात. मासे जातात तसे.

त्या दिवशी जेवताना शिहाताने हे सांगायला नको होतं. फिक्री अफंदीने हातातली भाकरी खाली ठेवली. हे त्याच्या बाबतीत क्वचितच घडे.

“भावजी, कशाला हात लावू नका,” तो म्हणाला. “तोतया! पट्टीचा तोतया! मी येतोच.”

“कुठे येतोस? तू इथेच बसलायस.”

“गुन्ह्याच्या जागी म्हणतोय मी.”

फिक्री आला तो लाल तुर्की टोपी घालून, हातात भिंग आणि वही घेऊन. होडीच्या कारखान्याच्या भिंतीलगत जाळी विणणारी उम्म हिलाल तिच्या तिवईवर बसली होती. गेली तीस वर्षं ती तिथेच बसत होती. फिक्रीने तिला आधी तिवईसकट दहा पावलं मागे सरकायला लावलं.

“का रे बाबा?”

“पुरावे तुडवले जातायत.”

“अफंदी, तुम्ही माझ्या दोऱ्यावर उभे आहात,” उम्म हिलाल म्हणाली. “मला विचारायचं असेल तर विचारा. मी दिवसभर इथेच असते.”

“साक्षी योग्य वेळी घेतल्या जातील,” फिक्री म्हणाला आणि तिच्याकडे पाठ केली. ती योग्य वेळ त्याने कधीच आणली नाही.

त्याने पहिला संशय लाकडावर घेतला. म्हणे डाव्या फासळ्या तुतीच्या नाहीतच. वखारवाल्याने निलगिरी खपवली. शिहाताने वाकसाने फासळीची चिपळी उडवून त्याच्या हातावर ठेवली. पिवळीधमक, तुतीची. निलगिरी तांबूस असते आणि वाकसाला दगडासारखी लागते. फिक्रीने चिपळीचा वास घेतला, ती चाटली आणि म्हणाला, “सध्या तुती दिसतेय.”

“सध्या? उद्या काय संत्रं होणार आहे?”

तुती आणि निलगिरी यांतला फरक विचारला असता तर फिक्रीने इतकंच सांगितलं असतं की एकीचा मुरंबा होतो. होडीच्या फासळीला झाड निवडताना शिहाता कालव्याच्या काठाने मैल मैल चाले आणि मुळातच वाकडी वाढलेली फांदी हेरे. वाक लाकडाचा स्वतःचा हवा, करवतीचा नको. सरळ लाकडातून वाकडी फासळी कापली की तिच्या शिरा आडव्या तुटतात आणि पहिल्याच लाटेला ती मोडते. हे सगळं त्याने फिक्रीला समजावलं. फिक्रीने वहीत लिहिलं, ‘वाकड्या गोष्टींकडे लक्ष.’

मग त्याने फर्म्याला भिंग लावलं. अर्धा तास गेला. तेवढ्यात शिहाता एक आख्खी फळी रंधून मोकळा झाला असता, पण त्याला हात लावायची मनाई होती.

“भावजी, या खाचा तुमच्या आजोबांच्याच आहेत ना?”

“तशाच आहेत.”

“हा डांबराचा डाग?”

“मी वीस वर्षांचा असताना पाडलेला.”

“हा जळका ठिपका?”

“माझ्या बापाच्या हुक्क्याचा निखारा.”

फिक्री सावकाश उठला. “म्हणजे नक्कल किती हुबेहूब आहे ते बघा! डाग आहे. ठिपका आहे. साठ वर्षांचा मळ आहे. असा तोतया घडवणारा कारागीर साधासुधा नव्हे.”

फर्म्याचे सगळे डाग ठिकाणावर असतील तर तो आपलाच असला पाहिजे, हा विचार शिहाताच्या मनात डोकावला होता. पण मग आजोबांचं लाकूड हललं असं म्हणावं लागलं असतं. ते त्याच्या तोंडून निघेना. मेहुण्याला मनातल्या मनात गाढव म्हणत तो त्याच गाढवाच्या मागे चालत राहिला.

मग फिक्रीला दोन पुरावे सापडले. फर्म्याच्या दोन्ही टोकांशी एकेक गुळगुळीत घळ होती, दोरी घासून विहिरीच्या काठाला पडते तशी. आणि एका घळीत निळ्या कापडाचा एक धागा अडकला होता. फिक्रीने तो चिमट्याने काढून काड्यापेटीत ठेवला.

“ही घळ पूर्वी होती?”

“होती. आजोबांनी पाडली असेल.”

“कशाला?”

“मला काय माहीत? फर्म्याला वाक लागतो, टोकं लागत नाहीत.”

“तीच तर मेख आहे. गुन्हेगाराने दोन्ही टोकांना दोरी बांधून पट्टी भिंतीवरून खाली सोडली. आणि तो निळा अंगरखा घालतो.”

अर्ध्या रशीदचा अंगरखा निळा होता. फिक्रीचासुद्धा. पण बय्यूमीचाही होता, आणि तेवढं फिक्रीला पुरलं.

पाळत त्याने दुपारी ठेवली, कारण रात्री त्याला झोप येते. दुपारीही आली. बय्यूमीच्या कारखान्यासमोर एका पालथ्या टोपलीआड तो घोरत पडला. जागा झाला तेव्हा डोक्यावर कुणीतरी फाटक्या शिडाची सावली केली होती आणि शेजारी चहाचा पेला निवत होता. “गुन्हेगार घाबरलाय,” फिक्री शिहाताला म्हणाला. “लाच द्यायला लागला.”

“चहा प्यायलास?”

“पुरावा म्हणून.”

बुधवारी त्याने चहाच्या दुकानात सांगून टाकलं की उद्या दुपारी आपण चोराचं नाव जाहीर करू. संध्याकाळपर्यंत ते नाव शहरभर झालं होतं. शिहाता मशिदीतून बाहेर पडला तेव्हा बय्यूमी समोरून आला आणि सलाम न करता निघून गेला. त्या दोघांनी वाकस धरायला एकाच वर्षी सुरुवात केली होती. बहिय्याच्या जनाज्याला खांदा देणाऱ्यांत बय्यूमी पहिला होता. त्या संध्याकाळी शिहाताला जेवण गेलं नाही. फिक्रीला गेलं.

गुरुवारी दुपारी होडीपाशी सगळे जमले. दसूकी हाताची घडी घालून उभा होता. बय्यूमी आला होता, निळा अंगरखा घालून, मुद्दाम. उम्म हिलाल दहा पावलं लांब विणत बसली होती. फिक्री अफंदी एका ओंडक्यावर चढला.

“या कटाची पाळंमुळं खोल आहेत,” त्याने सुरुवात केली. “बय्यूमी उस्ता, तुम्ही खरा फर्मा चोरलात आणि हा तोतया ठेवलात. या काड्यापेटीत तुमच्या अंगरख्याचा धागा आहे. कबूल करा, म्हणजे शिक्षा कमी होईल.”

बय्यूमी शिहाताकडे बघत होता. “तुझंही हेच म्हणणं आहे?”

शिहाता हातातल्या फर्म्याकडे बघू लागला.

“अरे, तुझा फर्मा घेऊन मी काय करू? तुझ्यासारख्या गरोदर म्हशी बांधू? माझ्या होड्या सडपातळ असतात. माझ्या बापाने तुझ्या बापाच्या होडीला आयुष्यभर नावं ठेवली. तिचाच वाक चोरून मी त्याला कबरीत कुशीवर वळवू?” मग तो सांगाड्याकडे वळला. “आणि एका बाजूच्या सगळ्या आधी कापल्यास? फासळ्या जोडीने कापतात. एवढंही विसरलास?”

“पहिल्या खेपेचं लाकूड एका बाजूपुरतंच होतं,” शिहाता म्हणाला. “बहिय्या आजारी होती. हात रिकामे ठेवायचे नव्हते. दुसऱ्या बाजूच्या, ती गेल्यावर चाळिसावा दिवस झाला, त्यानंतर कापल्या.”

बय्यूमीने नजर खाली वळवली. फिक्री मात्र थांबला नाही. “विषयांतर नको! धागा बघा. निळा! गडद निळा!” त्याने काड्यापेटी उघडून सगळ्यांसमोरून फिरवली. दसूकीपुढून, बय्यूमीपुढून, आणि ओघात उम्म हिलालपुढूनही.

उम्म हिलालने विणणं थांबवलं. “हा तर बहिय्याच्या झग्याचा काठ आहे,” ती म्हणाली.

“बाई, मध्ये बोलू नका.”

“अफंदी, तुम्ही पाच दिवस बोलताय. मी आता बोलते.” ती शिहाताकडे वळली. “तो झगा फाटल्यावर तिने त्याची चिंधी काढली होती, फर्मा बांधायला.”

“फर्मा बांधायला?” शिहाताने विचारलं.

“रोज संध्याकाळी. तू हा इथे भिंतीला उभा करून घरी जातोस. तू वळलास की ती यायची. दोन्ही टोकं जवळ ओढून चिंधीने बांधायची, धनुष्याला दोरी बांधतात तशी, म्हणजे वाक उघडू नये. मग तेलाचा हात फिरवून आत शिडांच्या गठ्ठ्यावर आडवा ठेवायची. पहाटे तुझ्या आधी येऊन सोडायची आणि होता तिथे उभा करायची. तुझी आईसुद्धा तेच करायची. तिनेच शिकवलं हिला. आता चार महिने हा दिवसा उन्हात आणि रात्री दवात उभा आहे. दोन पाऊस खाल्ले त्याने. उघडेल नाही तर काय करेल?”

शिहाता भिंतीकडे बघत होता. संध्याकाळी ठेवलेला फर्मा सकाळी जागच्या जागी असे. आधीही असे, नंतरही होता. त्याला कुठे काही बदललेलं दिसलं नव्हतं.

“मला का नाही सांगितलं तिने?” तो म्हणाला.

“मी विचारलं होतं एकदा. तर म्हणाली, हे सगळ्यांना सांगत फिरतात आजोबांचं लाकूड हलत नाही म्हणून. फिरू देत.”

दसूकी आधी हसला. मग बय्यूमी हसला, आणि हसता हसता त्याने डोळे पुसले. फिक्री अफंदी ओंडक्यावरून उतरला. “म्हणजे फर्मा खराच आहे, असा माझा पहिल्यापासून एक अंदाज होताच,” तो म्हणाला.

“आणि मला का नाही सांगितलंस?” शिहाताने उम्म हिलालला विचारलं. “या चार महिन्यांत?”

“मला वाटलं तू तिच्या वस्तूंना हात लावत नाहीयेस. लोक नाही लावत काही दिवस. आणि पाच दिवसांपूर्वी सांगणार होते, तर मला पुरावा तुडवतेस म्हणून उठवलं.”

शिहाता बय्यूमीसमोर जाऊन उभा राहिला. बय्यूमीने त्याच्या हातातून फर्मा काढून घेतला आणि उन्हाकडे धरून पाहिला. “उकळतं पाणी घाल. गोणपाटात गुंडाळ आणि उजव्या फासळीला आवळून ठेव. चार दिवसांत वाक परत येईल,” तो म्हणाला. “म्हशीचा का होईना, वाक चांगला आहे. दसूकी, याला महिनाभर दे.”

“दिला,” दसूकी म्हणाला. “त्या सपाट फासळ्यांचं काय?”

“तुझ्या बकऱ्यांच्या गोठ्याला घे,” शिहाता म्हणाला.

पुढचे चार दिवस तो कालव्याच्या काठाने तुती शोधत हिंडला. फिक्री बरोबर होता, कारण जेवणाचा डबा बरोबर होता. बाणासारखी सरळ झाडं दाखवून फिक्री म्हणे, “हे बघा काय उमदं झाड!” आणि शिहाता पुढे चालू लागे. शेवटी एका रहाटाशेजारी, वर्षानुवर्षं पाण्याकडे झुकून पोट सुटलेल्या चार तुती मिळाल्या. फिक्री म्हणाला, “ही तर बिघडलेली झाडं आहेत.” शिहाताने त्यांच्यावर खडूने फुल्या मारल्या.

पाचव्या दिवशी त्याने गोणपाट सोडलं आणि फर्मा उजव्या फासळीवर लावला. मध्ये नखसुद्धा गेलं नाही. दुपारपर्यंत त्याने पहिली नवी फासळी तासून डावीकडे उभी केली. दसूकीने समोर उभं राहून मान इकडे कलती केली, तिकडे कलती केली आणि काही न बोलता निघून गेला. नाखव्याकडून याहून मोठी शाबासकी मिळत नाही.

संध्याकाळी शिहाताने फर्मा भिंतीला टेकवला आणि जेवायला आलेल्या फिक्रीला घेऊन तो घराकडे निघाला. उम्म हिलाल खोकली. तो परत आला.

त्याने एक चिंधी शोधली, एक टोक पायाखाली दाबलं आणि दुसरं दोन्ही हातांनी खाली ओढलं. टोकं जवळ आली. पण दोन्ही हात गुंतले, चिंधी बांधणार कोण? एक हात सोडला तशी पट्टी सुटली आणि फिक्रीची टोपी उडाली.

“मारेकरी पट्टी!” फिक्री ओरडला.

“तू हे टोक धर.”

“रोज धरायचं?”

“रोज.”

“शुक्रवारीसुद्धा?”

“तू शुक्रवारी जेवत नाहीस का?”

फिक्रीने टोक धरलं. त्याच्या हातूनही ते निसटलं. शिहाता भिंतीला टेकून धापा टाकू लागला. “एकटी कशी करायची ती हे?”

“गुडघा लाव,” उम्म हिलाल म्हणाली. “मधल्या फुगीर भागाला आतून गुडघा लावायची, एका काखेत टोक दाबायची आणि चिंधी फिरवायची. आणि गाठ बसेपर्यंत तुला शिव्या द्यायची.”

शिहाताने गुडघा लावला. टोक काखेत दाबलं. चिंधी फिरवली. गाठ वेडीवाकडी बसली, पण बसली. तेलाचा हात फिरवून त्याने फर्मा आत नेला आणि शिडांच्या गठ्ठ्यावर आडवा ठेवला. मग बाहेर येऊन उम्म हिलालच्या तिवईजवळ, खाली जमिनीवर बसला.

“कोणत्या शिव्या?” त्याने विचारलं.

उम्म हिलालने जाळं मांडीवर ओढलं आणि एकेक सांगायला लागली. त्यात एकही नवी नव्हती. तो शेवटपर्यंत ऐकत बसला.